भिवरामायचा पाव्हणा

खैरदऱ्याच्या वेशीला जेव्हा सागवानी दारं होती आणि ती रोज दिवेलागणीला लागायची, त्या काळात गावात भिवरा नावाची एक सुईण राहायची. किती वर्षं लोटली ते कुणी मोजलेलं नाही. आज गावात जी सगळ्यात म्हातारी आहे, तिच्या आजीनं ही गोष्ट आपल्या आजीच्या मांडीवर ऐकली होती, एवढंच ठाऊक आहे.

भिवराचा हात फार हलका. अडलेल्या बाईच्या पोटावर तिनं नुसता तळवा टेकवला, की आडवं झालेलं मूल आतल्या आत वळून नीट व्हायचं, असं म्हणतात. खैरदरा आणि भोवतालच्या बारा वाड्या, सगळीकडे तीच जायची. जायची ती पायीच, कारण त्या डोंगरात गाडीवाट नव्हती. मुलगा होवो नाहीतर मुलगी, ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगायची, "आलास का? बरं झालं." निघताना घरधनीण तिच्या ओटीत सुक्या खोबऱ्याची वाटी घालायची. ती घेऊन भिवरा आपली घरी.

तिचा नवरा पटकीच्या साथीत गेला होता. एकुलती एक लेक होती, येसू. तिला कडेवाडीला दिली होती. कडेवाडी दिसायला हाकेच्या अंतरावर, पण मध्ये उभा कडा. कड्याच्या पोटातून एक वाट कोरलेली, जेमतेम दीड हात रुंद. एका अंगाला भिंतीसारखा खडक आणि दुसऱ्या अंगाला दरी.

येसूला पहिल्यांदाच दिवस गेले. सातव्यात माहेरी यायचं ठरलं होतं. पण सुगी आली, घरात हात कमी, सासरचे म्हणाले, "चार दिवस थांबू द्या." आठव्यातच वेणा सुरू झाल्या. निरोप आला तशी भिवरा कड्याच्या वाटेनं धावत सुटली. पोहोचली तेव्हा अंगणातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले होते. मूलही गेलं आणि आईही गेली. बारा वाड्यांतल्या लेकींची सुटका करणारे ते हात स्वतःच्या लेकीला लागले, ते तिला शेवटचं न्हाऊ घालायला.

दिवसकार्य उरकून भिवरा परत निघाली. वळून बघते तर मागून एक पिवळा कुत्रा येतोय. येसूनं त्याला बोटावर दूध चाटवून वाढवला होता. भिवरा म्हणाली, "हाड." तो थांबला. ती चालू लागली, तसा तोही चालू लागला. तीनदा असं झालं. चौथ्यांदा ती काही बोललीच नाही.

आता वेशीत काय झालं ते ऐका. गावची सात-आठ कुत्री तिथं उन्हात पडलेली. परका वास आला, तशी ती उठली आणि चहूबाजूंनी त्या पिवळ्यावर तुटून पडली. भिवराच्या हातात काठी नव्हती. तिनं गाठोडं फेकलं, दगड मारले, आणि काहीच चालेना तेव्हा त्याच्या अंगावर पालथी पडली. तोवर त्याचा डावा कान लोंबत होता आणि मांडीचा लचका गेला होता. वेशीत माणसं उभी होती. कुत्र्यांची भांडणं लोक बघतात, तशी ती बघत होती.

भिवरानं हळद-तूप लावून त्याला महिनाभरात उभा केला. शेजारणीनं विचारलं, "नाव काय ठेवलं गं माय?"

"नाव काय ठेवायचं? लेकीकडनं आलाय. पाव्हणा म्हणायचं."

पाव्हणा माणसांशी गरीब होता. पोरं त्याच्या पाठीवर लोळायची. पण कुत्रं दिसलं की त्याच्यातलं काहीतरी फुटायचं. दूरवर शेपूट हललेलं दिसलं तरी तो दाव्याला हिसडे मारायचा, मागच्या पायांवर उभा राहायचा, त्याच्या तोंडाला फेस यायचा. भिवरा दावं आवळायची. तो आणखी उसळायचा. ती त्याच्या पाठीत काठी घालायची. मग तो कुत्रं दिसायच्या आधीच गुरगुरायला लागला, कारण कुत्रं आलं की काठी येते हे त्याला कळलं होतं. भर रस्त्यात म्हातारी कुत्र्यामागं फरफटत जाते, हे गावाला हसायला पुरेसं होतं.

एकदा बाजाराच्या वाटेवर त्यानं तिच्या हातून दावं सोडवून घेतलं आणि गुरवाच्या कुत्र्याला लोळवलं. त्याला सात टाके पडावेत एवढी जखम झाली. चावडीत माणसं जमली. शिदोजी पाटील मोठा माणूस, मनानं वाईट नव्हता. तो म्हणाला, "भिवराआक्का, जनावर बिथरलंय. मारून टाकायला पायजे."

"बिथरलं न्हाई, पाटील. भ्यालंय."

"भ्यालेलं असं अंगावर जातंय व्हय?"

"तुमच्या बायकूला पहिल्या खेपंला वेणा आल्या, तवा ती मला चावली हुती," भिवरा म्हणाली आणि तिनं मनगट पुढं केलं. त्यावर खूण होती. "तिला मारून टाका म्हनलं व्हतं का मी?"

चावडी हसली. पाटीलही हसला. मग भिवरा म्हणाली, "मला येळ द्या. ह्यानं परत कुनाच्या कुत्र्याला दात लावला, तर ह्याच्याबरुबर मीबी ह्या गावात ऱ्हानार न्हाई." पाटलानं मान हलवली. भिवरा गाव सोडून जाईल हे कुणालाच खरं वाटलं नाही. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मली होती.

शब्द तर दिला, पण करायचं काय ते तिला ठाऊक नव्हतं.

ते कळलं एका बाळंतिणीपाशी. पिंपळवाडीची कोवळी पोर होती, पहिलीच खेप. तिनं भिवराचा हात धरलेला आणि भिवराला नेमकी येसू आठवली. बोटं आवळली गेली. तशी ती पोरही आवळली, वेणा थबकल्या, डोळे पांढरे झाले. भिवरानं ओळखलं. तिनं श्वास सोडला, हात सैल केला, आणि त्याबरोबर पोरीचं सगळं अंग सैल झालं. घटकाभरात सुटका झाली. पाव्हण्याला घेऊन परत येताना वाटेत समोर एक कुत्रं दिसलं आणि भिवरानं आपल्या मुठीकडे पाहिलं. दाव्यावर ती पांढरी पडली होती. आपल्या हातातलं भय दाव्यावरून चालत पाव्हण्याच्या मानेत उतरतंय, हे तिला त्या क्षणी दिसलं.

त्या दिवशी तिनं काठी चुलीत घातली.

मग ती बघायला शिकली. गावाबाहेर एका धोंड्यावर ती पाव्हण्याला घेऊन बसायची आणि लांबून जाणारी कुत्री त्याच्याबरोबर बघायची. चाळीस पावलांवर कुत्रं असलं तर तो नुसता बघतो. तीस पावलांवर त्याचा उरलेला कान ताठ होतो. वीस पावलांवर तोंड मिटतं आणि श्वास थांबतो. विसाच्या आत कुत्रं आलं, की मग पाव्हणा उरत नाही, नुसती आग उरते. आग लागल्यावर बोलून उपयोग नाही. बोलायचं ते तोंड मिटायच्या आधी.

म्हणून कान ताठ झाला की ती हलक्या आवाजात म्हणायची, "चल रं, माघारी." दावं न ओढता ती स्वतःच वळायची आणि तो तिच्याबरोबर वळायचा. वळला की ओटीतला खोबऱ्याचा तुकडा त्याला मिळायचा. माघारी जायला जागा नसली तर ती वाट सोडून झुडपात शिरायची, त्याच्या आणि त्या कुत्र्याच्या मध्ये पाठ करून उभी राहायची आणि खोबऱ्याचा चुरा गवतात फेकायची. नाकानं चुरा हुडकताना त्याची मान खाली जायची, आणि मान खाली गेली की श्वास परत सुरू व्हायचा. आंधळ्या वळणावर ती आधीच हाळी द्यायची, "वाट द्या गं माय, वाट द्या! माझं लेकरू भ्यालंय!"

लोक हसले. काही जण मुद्दाम कुत्रं घेऊन जवळ यायचे. "आमचं काय करत न्हाई वो," म्हणायचे.

"तुमचं न्हाई करत. माझं करतं. लांब धरा."

कधी दिवस चांगला जायचा. कधी सगळी मेहनत वाया जायची, दोन कोपऱ्यांवर दोन कुत्री भेटायची, तो पेटायचा, आणि ती घरी येऊन दार लावून रडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा दावं, पुन्हा ओटीत खोबरं. पण वर्षाच्या शेवटी चाळिसाचे तीस झाले होते, तिसाचे पंधरा. चालता चालता ती त्याला येसूच्या गोष्टी सांगायची. दुसऱ्या कुणाला ती येसूबद्दल एक शब्द बोलत नसे.

मार्गशीर्षात कडेवाडीहून निरोप आला. तिच्या जावयानं दुसरं लग्न केलं होतं, आणि त्या नव्या बायकोची वेळ भरली होती. गावाला वाटलं, ही काही जाणार नाही. त्या घरात तिची लेक मेली होती. भिवरानं निरोप ऐकला, पाव्हण्याचं दावं हातात घेतलं आणि ती निघाली.

कड्याच्या वाटेत मधोमध एक सपाट कातळ आहे. तिथं वाट ओट्यासारखी जरा रुंद होते. भिवरा तिथं पोहोचली आणि समोरून मेंढरांचा आवाज आला. म्हाकू धनगर आपला कळप घेऊन खाली निघाला होता. चारशे मेंढरं, आणि त्यांच्याबरोबर लांडग्याला लोळवणारी चार कुत्री. झुडूप नव्हतं, वळायला जागा नव्हती. माघारी फिरावं तर दोन घटका वाया जाणार आणि तिकडं बाई अडलेली. येसूच्या वेळी आपल्याला उशीर झाला होता, हे भिवरा एक दिवसही विसरली नव्हती.

तिनं हाळी दिली. "वाट द्या गं माय! माझं लेकरू भ्यालंय!"

म्हाकूनं शीळ घातली आणि चारशे मेंढरं जागच्या जागी थांबली. तो आपली कुत्री मागं ठेवून एकटा पुढं आला. त्यानं पाव्हण्याचा फाटका कान पाहिला. आणखी काही विचारलं नाही.

"आये, तू खडकाकडं तोंड करून बैस. त्याचं डोकं पदरात घे. मेंढरं आधी जातील. मग एकएक कुत्रं मी माझ्या अंगाआडनं काढतो. घाई करत न्हाई मी."

भिवरा खाली बसली. पाव्हण्याचं डोकं तिनं मांडीत घेऊन वर पदर ओढला, आणि येसू पाळण्यात असताना जे गायची तेच गाऊ लागली. चारशे मेंढरं तिच्या पाठीला घासत गेली. मग पहिलं कुत्रं गेलं. पाव्हणा असा थरथरत होता की भिवराचे दात वाजत होते. दुसरं गेलं. तिसरं गेलं. चौथं क्षणभर थांबलं आणि त्यानं हुंगलं. त्या वेळी दरीतला वारासुद्धा थांबला होता, असं म्हणतात. मग तेही गेलं. पाव्हण्याच्या तोंडातून आवाज आला नाही.

"तुला कसं रं कळलं, बाबा?" भिवरानं विचारलं.

"एक मेंढी हाय माझ्याकडं, लांडग्यानं धरून सोडल्याली. तिला रोज मधी घालून चालवतो," म्हाकू म्हणाला आणि कळपामागं गेला.

भिवरा वेळेवर पोहोचली. ज्या खोलीत येसू गेली त्याच खोलीत, त्याच खांबाशी, ती तिच्या जागी आलेल्या बाईची सुटका करायला बसली. मुलगी झाली. भिवरानं तिच्या कानाशी तोंड नेलं. "आलीस का?" ती म्हणाली. "बरं झालं." बाहेर अंगणात, आपल्या जुन्या जागेवर, पाव्हणा दमून झोपला होता.

परत येताना ऊन कलतं होतं. कडा मागं राहिला, माळ आला, गाव दिसू लागलं. भिवराचं मन बऱ्याच दिवसांनी हलकं झालं होतं. वेशीबाहेर शिदोजी पाटील उभा होता आणि त्याचं तरणं कुत्रं, हौश्या, मोकळंच हुंदडत होतं. हौश्या सगळ्या गावाचा लाडका. त्यानं पाव्हण्याला पाहिलं आणि माळावरून सरळ धाव घेतली.

"पाटील! बोलवा त्याला! वाट द्या, माझं लेकरू भ्यालंय!"

"काय करत न्हाई गं आक्का! खेळाया येतोय!"

"त्याला बोलवा, पाटील!"

पाटील हसत उभा होता. भिवरा वळली, पण माळावर आडोसा नव्हता. तिनं खोबरं फेकलं. पाव्हण्यानं खोबऱ्याकडे पाहिलंही नाही. सकाळपासून तो भीती गिळत होता आणि आता त्याच्यात जागा उरली नव्हती. चाळीस पावलं, तीस, वीस, दहा. हौश्यानं उडी घेतली ती खेळायलाच. पाव्हण्यानं त्याचा गळा धरला.

भिवरानं दावं सोडलं नाही. दोघांच्या मध्ये पडून तिनं पाव्हण्याचा जबडा हातांनी उघडला. तिचे हात फाटले. हौश्या तिसऱ्या दिवशी गेला.

कुणी भिवराला जा म्हणालं नाही, हे सांगायला हवं. चावडी बसली नाही. पाटील घराबाहेर पडला नाही. त्याला हौश्याचं दुःख होतं, आणि आपण हाक मारली असती तर, हेही त्याला डसत होतं, पण ते त्याच्या तोंडावाटे निघेना. भिवरा एक दिवस दारात बसून राहिली. कुणीतरी येईल आणि म्हणेल, माय, चूक तुझी नव्हती, तू राहा. बायका पाण्याला गेल्या आणि पाण्याहून आल्या. तिच्या दारावरून जाताना त्यांनी माना खाली घातल्या. कुणी वाईट बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंगण झाडलं, चूल सारवली, दाराला बाहेरून कडी घातली आणि दावं हातात घेऊन ती वेशीबाहेर पडली.

कड्याच्या वाटेत त्या ओट्याच्या वर एक कपार आहे. तिथं पाण्याचं टाकं आहे. भिवरा तिथं राहिली. वाड्यांची माणसं येताजाता ओट्यावर पीठमीठ ठेवायची आणि बाई अडली की खालून हाळी द्यायची. भिवरा उतरून यायची, सुटका करायची, परत वर जायची. मात्र खैरदऱ्याचं कुणी आलं नाही. खैरदऱ्याला लाज वाटत होती. त्या वर्षी खैरदऱ्यात दोन बाया बाळंतपणात गेल्या.

भादव्यात पाटलाची लेक सुंदरा माहेरी आली, आणि अडली. दोन दिवस झाले. पाटलाच्या बायकोनं त्याच्यापुढं आपली मूठ धरली आणि म्हणाली, "ह्याच हातानं मी भिवराआक्काचा हात धरला व्हता. तुम्ही जाता का मी जाऊ?"

पाटील निघाला. वहाणा त्यानं वेशीतच काढल्या. पावसानं वाट निसरडी झाली होती. ओट्यापासून वीस पावलांवर तो थांबला आणि त्यानं हाळी दिली, "वाट द्या गं माय. मी भ्यालोय."

कपारीच्या तोंडाशी हालचाल झाली. मग भिवरा दिसली. वाळून काटकी झाली होती. तिनं एकच विचारलं, "किती येळ झाला?"

"दोन दिस."

"गावात कुत्री मोकळी हाईत?"

पाटील खाली बघत म्हणाला, "आज न्हाईत."

आणि खरंच, त्या दिवशी खैरदऱ्यात एकही कुत्रं मोकळं नव्हतं. घराघरात दारं लावून माणसांनी कुत्री उराशी धरली होती. जी माणसं रस्त्यात होती ती कडेला सरली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, कुणी टक लावून बघायला नको म्हणून. भिवरा वेशीतून आत आली. पाव्हणा तिच्या पायाला चिकटून, सैल दाव्यात. जिथं त्याचा कान फाटला होता ती जागा आली तेव्हा तो थांबला, जमीन हुंगली आणि पुढं निघाला. त्या घटकेला बारा वाड्यांत एक कुत्रं भुंकलं नाही, असं म्हणतात.

सुंदराची सुटका झाली. माय आणि लेकरू दोन्ही जिवंत राहिली.

भिवरा हात धुऊन बाहेर आली तेव्हा पाटील अंगणात उभा होता. "आक्का, त्या दिवशी मी हाक मारायला पायजे हुती."

"व्हय," भिवरा म्हणाली.

"आता ऱ्हा."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. पण जे उशिरा आलं त्याचं काय करायचं, ते तिला कळत नव्हतं. "घर झाडून निघाले व्हते, पाटील," ती म्हणाली. "आता न्हाई वळवत पाय." खोबऱ्याची वाटी तिनं ओटीत घेतली आणि ती कड्याकडे निघून गेली.

मार्गशीर्ष उजाडला. म्हाकू धनगर कळप घेऊन पुन्हा त्या वाटेनं खाली आला. ओट्याच्या अलीकडे त्याची चारही कुत्री आपणहून थांबली. त्यानं चुचकारलं तरी हलेनात. ओट्यावर भिवरा खडकाला टेकून बसली होती. दावं मनगटाला गुंडाळलेलं. अंगावर दंव पडलं होतं. पाव्हणा तिच्या पायाशी होता, आणि त्याला कुत्री दिसत होती. वीस पावलं, फार तर.

म्हाकूनं श्वास रोखला. एका झटक्यात दावं सुटलं असतं. त्या मनगटात आता धरायचं बळ नव्हतं.

पाव्हणा उठला. दावं गळून पडलं. तो चालू लागला, सरळ नाही, जरा वळसा घेत, मान खाली घालून, जसं तिनं त्याला वर्षभर चालवलं होतं. पंधरा पावलं. दहा. पाच. चार कुत्र्यांपुढं तो जाऊन उभा राहिला आणि त्यानं मान वर केली. मग वळून तिच्याकडे निघाला. चार पावलं जाऊन थांबला आणि मागं बघितलं. चारही कुत्री त्याच्यामागं गेली. भिवराच्या भोवती ती पाचही बसली, अंगाला अंग लावून, आणि म्हाकू गावात जाऊन माणसं घेऊन येईपर्यंत तशीच बसून होती. हे म्हाकूनं स्वतः सांगितलं, आणि धनगर माणूस खोटं बोलत नव्हता.

तिला तिथंच ओट्याशेजारी माती दिली. खैरदऱ्याचं सगळं गाव आलं, बारा वाड्या आल्या, त्यांच्यामागं त्यांची कुत्री आली. पाव्हणा त्या सगळ्यांमधून बिनदाव्याचा चालला. कुणी म्हणतं, तो नऊ दिवस तिथं बसला आणि दहाव्या दिवशी दिसला नाही. कुणी म्हणतं, तो म्हाकूच्या कळपाबरोबर गेला आणि त्या घाबरट मेंढीच्या शेजारून चालायचा. ते काही कुणाला नक्की माहीत नाही.

शिदोजी पाटलानं पुढं आयुष्यात कुत्रं पाळलं नाही. तो रोज सकाळी कड्याच्या वाटेवर जाऊन बसायचा, आणि कुणी भ्यालेलं जनावर घेऊन आलं की त्याला वाट करून द्यायचा. म्हातारा होऊन मरेपर्यंत त्यानं ते केलं.

त्याच्यामागं ते काम गावानं घेतलं. खैरदऱ्यात आजही रीत आहे, की ज्याचं जनावर शांत त्यानं बाजूला व्हायचं. कारण विचारायचं नाही. मार्गशीर्ष वद्य पंचमीला, भिवरा गेली त्या तिथीला, ओट्यावर पहिला दिवा पाटलांच्या घरचा लागतो, मग कडेवाडीचा. त्या दिवशी ज्याला आपलं भित्रं कुत्रं गावातून फिरवायचं असेल त्यानं फिरवावं, बाकी सगळी कुत्री घरात असतात. लांबलांबच्या गावांहून लोक त्यासाठी येतात. आता तिथून डांबरी रस्ता गेलाय, कडा फोडून रुंद केलाय. पण भिवरामायच्या ओट्यापाशी समोरून कुणी दावं धरून, घाबरत, कडेकडेनं येताना दिसलं, की ट्रॅक्टर बंद होतो, मोटारसायकल बंद होते, आणि चालवणारा खाली उतरून खडकाकडे तोंड करून उभा राहतो. ते पुढं जाईपर्यंत तो मागं वळून बघत नाही.